पाणथळ जमिनीवर गॅस वीजप्रकल्प: परवाना प्लॉट प्लॅनवरच ठरतो

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग ऑफिसात, अमेरिकेत टेक्ससच्या किनारपट्टीवर उभ्या राहणाऱ्या कम्बाइन्ड सायकल गॅस वीजप्रकल्पाचा प्लॉट प्लॅन, म्हणजे जागेवर काय कुठे येणार याचा आराखडा, तयार होतोय. जागेवर ११ एकर वेटलँड, म्हणजे पाणथळ जमीन, निघाली आहे. मालक म्हणतो, "मिटिगेशन क्रेडिट विकत घेऊ, तुम्ही आराखडा हलवू नका." (क्रेडिट म्हणजे भरपाई म्हणून विकत घ्यायचा, दुसरीकडे सुधारलेल्या पाणथळ जमिनीचा हिस्सा.) विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: नुसते पैसे भरून हे सुटतं का, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सॅकेट निकालानंतर यातली बरीच जमीन कायद्याबाहेर गेली हे खरं का, आणि परवाना ४ महिन्यांत हातात पडेल का.

मी मूळची परभणीची. गेली २१ वर्षं ह्यूस्टनच्या आजूबाजूला पाणथळ जमिनींच्या हद्दींची आखणी आणि त्यांचे परवाने हेच काम करते. त्यामुळे आधी सरळ उत्तरं देते. पैसे भरून सुटत नाही. सॅकेटमुळे काही जमीन सुटेल, पण किती ते नकाशाकडे बघून सांगता येत नाही. आणि ११ एकरांचा भराव तसाच ठेवलात तर ४ महिने विसरा. आराखडा हलवायला तयार असाल तर मात्र चित्र पुष्कळ बदलतं. म्हणून हे उत्तर मालकापेक्षा तुम्हाला, प्लॉट प्लॅन काढणाऱ्याला, लिहितेय. माझ्या अनुभवात असे परवाने वकिलांच्या पत्रांनी मिळत नाहीत. ते रेव्हिजन ए आणि रेव्हिजन सी यांच्या मधे, ड्रॉइंगवर मिळतात.

आधी कायद्याची चौकट. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टचं कलम ४०४ सांगतं की संघीय कायद्याखाली येणाऱ्या पाण्यात किंवा पाणथळ जमिनीत भराव टाकायचा तर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचा, परवाना लागतो. तुमच्या भागात ते ऑफिस म्हणजे कोअरचं गॅल्व्हस्टन डिस्ट्रिक्ट. परवाना कोअर देतं, पण तो कोणत्या कसोटीवर द्यायचा ते नियम पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८० मध्ये लिहिले. त्यातला एक नियम तुमच्या मालकाला कोणी सांगितलेला दिसत नाही. ज्या प्रकल्पाला पाण्यातच उभं राहण्याची गरज नाही, त्याच्यासाठी पाणथळ जागा टाळणारा व्यवहार्य पर्याय आहे असंच गृहीत धरलं जातं. तसा पर्याय नाही हे स्पष्टपणे सिद्ध करायचं काम अर्जदाराचं. बोटीचा धक्का पाण्यातच बांधावा लागतो. गॅस टर्बाइनला पाणथळ जमिनीचं काहीच अडलेलं नसतं. म्हणजे तुमची फाइल टेबलावर येते तेव्हाच तुम्ही एक पाऊल मागे असता.

दुसरी गोष्ट क्रमाची. १९९० मध्ये ईपीए आणि लष्करी खातं यांच्यात करार झाला आणि क्रम पक्का झाला: आधी टाळा, टाळता येत नाही तिथे कमी करा, आणि त्यानंतरही जे उरेल त्याचीच भरपाई करा. क्रेडिट विकत घेणं ही शेवटची पायरी आहे. पहिल्या दोन पायऱ्या चढल्याचा पुरावा फाइलमध्ये नसेल तर तिसरीचे पैसे कोणी मोजूनही घेत नाही. मालक ज्याला उत्तर समजतोय ते खरं तर उत्तराचं शेवटचं पान आहे.

व्यवहार्य म्हणजे काय, यावर खूप वाद होतात. खर्च, उपलब्ध तंत्रज्ञान आणि जागेच्या सोयी या तिन्हींचा विचार प्रकल्पाच्या एकूण हेतूच्या संदर्भात करायचा असतो. "आम्हाला महाग पडतं" एवढं पुरत नाही. अशा प्रकारच्या प्रकल्पाला तो खर्च अवाजवी आहे का, हे पाहिलं जातं. हेतूही जपून लिहावा लागतो. "याच प्लॉटवर वीजप्रकल्प उभारणं" असा हेतू लिहिला की दुसरी प्रत्येक जागा आपोआप बाद होते, आणि कोअरचा माणूस ते पहिल्याच वाचनात पकडतो. "ह्यूस्टन भागाच्या ग्रिडला मोठ्या क्षमतेची, हवी तेव्हा चालू करता येणारी वीज पुरवणं" असा हेतू टिकतो. मग मोठी गॅस पाइपलाइन किती लांब, ३४५ किलोव्होल्टची लाइन कुठे, पाणी कुठून येणार, या निकषांवर दोन-चार जागा खरोखर तपासून दाखवाव्या लागतात. विस्कॉन्सिनमध्ये मोठ्या वीजप्रकल्पाचा अर्ज राज्याच्या आयोगापुढे नेताना दोन जागा मांडाव्या लागतात, त्यामुळे तिथल्या कंपन्यांना ही सवय असते. टेक्ससमध्ये खासगी वीजप्रकल्पाला राज्याकडून तशी जागेची मंजुरी लागत नाही. जमीन आधी घेतली जाते आणि पर्याय नंतर शोधले जातात. त्याची किंमत पुढे ४०४ च्या टेबलावर चुकवावी लागते.

आता तुमच्या ड्रॉइंगकडे येऊ.

प्लॉट प्लॅनमध्ये काय खिळलेलं आहे आणि काय मोकळं आहे, हे वेगळं करायला मी प्रत्येक लेआउट इंजिनीअरला सांगते. गॅस टर्बाइन, तिच्या गरम धुरावर वाफ करणारा हीट रिकव्हरी बॉयलर आणि स्टीम टर्बाइन यांची एकमेकांशी जागा ठरलेली असते. एअर कूल्ड कंडेन्सर वापरणार असाल तर तोही स्टीम टर्बाइनला चिकटून लागतो, कारण मधला एक्झॉस्ट डक्ट अवाढव्य असतो. पण हा सगळा गठ्ठा, म्हणजे पॉवर ब्लॉक, अख्खा फिरवता येतो, सरकवता येतो. स्विचयार्ड, म्हणजे वीज ग्रिडला जोडणारं आवार, ओव्हरहेड लाइनने जोडून काहीशे फूट दूर नेता येतं. गॅस मीटरिंग यार्ड, ऑफिसची इमारत, गोदाम, पार्किंग, पाण्याच्या टाक्या हे सगळं जवळजवळ मोकळं. आणि सगळ्यात मोठा मोकळा तुकडा म्हणजे लेडाउन, जिथे बांधकामाच्या काळात सामान उतरवतात. पॉवर ब्लॉकइतकीच, कधी त्याहून जास्त जमीन लेडाउन खातं, आणि ती लागते जेमतेम अडीच-तीन वर्षं. माझ्यासमोर येणाऱ्या पहिल्या आराखड्यांत पाणथळ जमिनीवरचा सर्वात मोठा भराव बहुतेक वेळा टर्बाइनचा नसतोच. तो लेडाउनचा आणि पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या डिटेन्शन तळ्याचा असतो.

एका प्रकल्पाचं सांगते. पहिल्या आराखड्यात साडेआठ एकर भराव होता. मालकाने "यापेक्षा कमी शक्यच नाही" असं लेखी दिलं होतं. आम्ही चार जणांनी एका दुपारी प्लॉटचा मोठा प्रिंट टेबलावर पसरला आणि पॉवर ब्लॉकचा तेवढ्याच मापाचा कागद कापून त्यावर फिरवत बसलो. काटकोनात फिरवल्यावर दक्षिणेकडचा ओकच्या झाडांचा पाणथळ पट्टा जवळजवळ अख्खा सुटला. लेडाउन रस्त्यापलीकडच्या, वर्षानुवर्षं लागवडीखाली असलेल्या भातशेतात भाड्याने नेलं. डिटेन्शन तळं पाणथळ खोलगटातून उचलून उंचवट्यावर घेतलं. खोदाई वाढली, पण निघालेली माती पॉवर ब्लॉकच्या भरावाला कामी आली आणि बाहेरून माती आणायचा खर्च वाचला. शेवटी भराव पावणेदोन एकरांवर आला. मालकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरने नंतर मला विचारलं, हे आधी का नाही सुचवलंत? आधी आम्हाला बोलावलंच नव्हतं.

कूलिंगचा निर्णयही पाणथळ जमिनीचा निर्णय असतो, हे प्रोसेसच्या लोकांना सांगत राहावं लागतं. कूलिंग टॉवर घेतला की पाणी आणायची पाइपलाइन आली, कदाचित नदीवर पाणी उचलायचा इनटेक आला, आणि नदी नौकानयनाची असेल तर १८९९ च्या रिव्हर्स अँड हार्बर्स ॲक्टचं कलम १०, म्हणजे नदीतल्या बांधकामाचा परवाना, आलं. हवेने थंड करणाऱ्या कंडेन्सरला जागा जास्त लागते आणि उन्हाळ्यात क्षमता थोडी घटते, पण पाइपलाइनच्या वाटेवरची चार-पाच पाणथळ ओलांडणी एका फटक्यात कमी होऊ शकतात. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडा आणि तो लिहून ठेवा. पर्यायांच्या विश्लेषणात हाच कागद कामाला येतो.

भराव खूप खाली आला तर एक वेगळी वाट उघडते. नेशनवाइड परवाने हे ठरावीक प्रकारच्या छोट्या परिणामांसाठी आधीच दिलेले सरसकट परवाने असतात, आणि ते जास्तीत जास्त ५ वर्षांनी नव्याने काढले जातात. व्यापारी आणि औद्योगिक बांधकामासाठी ३९ क्रमांकाचा आहे. त्याची मर्यादा अर्धा एकर, म्हणजे आपले २० गुंठे. २० गुंठ्यांच्या आत बसलात तर पूर्ण सूचना दिल्यापासून साधारणपणे ४५ दिवसांत निकाल लागतो. अकरा एकरांवरून २० गुंठ्यांवर येणं प्रत्येक जागेला जमत नाही. पण कितपत जमतं हे पाहिल्याशिवाय जमत नाही म्हणू नका.

इथेच एक मोह होतो, त्यापासून दूर राहा. प्रकल्पाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा २० गुंठ्यांत दाखवायचा: प्लांटचा एक अर्ज, गॅस लाइनचा दुसरा, प्रवेशरस्त्याचा तिसरा. कोअर विचारतं, हा तुकडा दुसऱ्याशिवाय उपयोगाचा आहे का? गॅस लाइन नसलेला गॅस प्लांट कोणाच्या उपयोगाचा? पाइपलाइन, ट्रान्समिशन लाइन, रस्ता, लेडाउन, सगळं एकाच फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून दाखवा. ट्रान्समिशन लाइनखाली झाडं फक्त कापली, मुळं उपटली नाहीत, तर तो भराव धरला जात नाही. तरी जंगलाची पाणथळ जमीन कायमची गवताळ होते, आणि त्याची भरपाई बहुधा मागितली जाते. तेही मोजा.

जमिनीची आखणी कशी होते हे तुम्ही कधीतरी डोळ्यांनी पाहायला हवं. ऑफिसात बसून पाणथळ हद्दीची ती निळी रेष सरकवावीशी वाटते, पण जागेवर तिच्यामागे बराच पुरावा असतो. कोअरचं १९८७ चं मॅन्युअल तीन साक्षी मागतं: झाडं, माती आणि पाणी. साधा नियम असा की वाढीच्या हंगामात सलग १४ दिवस पाणी वरच्या १२ इंचांत असावं, आणि हे १० पैकी निदान ५ वर्षं घडत असावं. आपण तिथे १४ दिवस तळ ठोकून बसत नाही, खुणा वाचतो.

आणि ही माती वाचणं मला परभणीने शिकवलंय, असं मी मनापासून म्हणते. ह्यूस्टनच्या आसपासची लेक चार्ल्स नावाची माती आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली, व्हर्टिसोल. ऑगस्टमध्ये तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात. पाऊस झाला की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर तुंबून राहतं. फुगून-आकसून जमिनीवर बारीक उंचवटे आणि वाट्यांसारखे खोलगट भाग तयार होतात. दहा पावलांत तुम्ही कोरड्या जमिनीवरून पाणथळ जागेत जाता आणि कळतही नाही. मी फावड्याने वीसेक इंचांचा खड्डा घेते, ढेकूळ फोडते आणि मन्सेलच्या रंगपुस्तिकेच्या पानाशी धरते. पाणी साचून हवा कोंडली की लोह विरघळून निघून जातं आणि माती राखाडी पडते. मुळांच्या भोवती मात्र हवा पोचते, तिथे गंजासारखी नारिंगी नळी तयार होते. पण काळ्या मातीत तो राखाडी रंग काळेपणाखाली दडतो. तेव्हा भिंगाने त्या नारिंगी नळ्या शोधाव्या लागतात. शेजारी क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्याने चिखलाच्या गोळ्यांचं धुराडं रचलेलं असतं, आपल्याकडे भाताच्या बांधावर खेकड्याच्या बिळाशी ओल्या मातीचा ढीग दिसतो तसं. टॅलोची झाडं दिसली की नवशिके म्हणतात, ही तर बाहेरून आलेली उपद्रवी जात, मोजायची कशाला? मोजायची. ती इथे ओल्या जागेतही वाढणाऱ्या झाडांत धरली जाते.

ऑगस्टमध्ये केलेली आखणी मार्चच्या आखणीपेक्षा बारीक निघाली, म्हणून खूश झालेला मालक मी पाहिलाय. कोअरच्या माणसाने पुढच्या वसंतात गुडघाभर बूट घालून चक्कर मारली आणि रेष ४० फुटांनी बाहेर गेली. तोवर पाया कुठे घ्यायचा ते ठरलं होतं.

आता सॅकेट. २५ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयडाहोमधल्या एका कुटुंबाच्या प्लॉटच्या खटल्यात ठरवलं की संघीय कायदा त्याच पाणथळ जमिनींना लागू होतो, ज्या तुलनेने कायम असणाऱ्या पाण्याला पृष्ठभागावरून अखंड जोडलेल्या आहेत. त्याआधीची "लक्षणीय संबंध" ही कसोटी गेली. टेक्ससमध्ये तर कोणतं पाणी संघीय कायद्याखाली येतं हे ठरवणारा २०२३ चा नवा नियम कोर्टाने आधीच थांबवला होता, त्यामुळे तिथे २०१५ पूर्वीची व्याख्या सॅकेटशी जुळवून वापरली गेली. तुमच्या ११ एकरांत विखुरलेले प्रेअरीचे खोलगट तुकडे असतील आणि ते बायूला (संथ वाहणाऱ्या प्रवाहाला) किंवा ओढ्याला चिकटलेले नसतील, तर त्यातले काही खरंच बाहेर पडतील. गोड्या पाण्याच्या एकट्या पाणथळ जागांसाठी टेक्ससचा स्वतःचा वेगळा परवाना कायदा नाही. म्हणजे विस्कॉन्सिन किंवा न्यू जर्सीसारखं राज्य मधे येऊन थांबवत नाही.

पण हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. कोअरकडून मान्यताप्राप्त अधिकारक्षेत्र निर्णय, म्हणजे कोणती जमीन कायद्याखाली येते याचा निर्णय, लेखी मागा. तो ५ वर्षं चालतो. घाईत काही जण प्राथमिक निर्णयावर सही करतात. त्यात सगळ्या जागा कायद्याखाली आहेत असं गृहीत धरलेलं असतं. वेळ वाचतो, पण सुटण्यासारखे तुकडेही कायद्याखाली अडकतात. मी मिश्र पद्धत सुचवते: ओढ्याला लागून असलेल्या पट्ट्यावर वाद घालू नका, एकट्या खोलगटांसाठी मात्र मान्यताप्राप्त निर्णय मागा.

आणि कायद्याने सुटलेला खोलगट भाग पाण्याने सुटत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात मी माझ्याच गल्लीत कमरेएवढं पाणी पाहिलंय. २०१८ मध्ये पावसाची नवी आकडेवारी आली आणि ह्यूस्टनचा १०० वर्षांतला एका दिवसाचा पाऊस साधारण १३ इंचांवरून १८ इंचांच्या घरात गेला. तो खोलगट भाग बुजवलात तर तेवढं पाणी कुठेतरी साठवायची सोय तुम्हालाच करावी लागेल, आणि नाही केलीत तर ते पलीकडच्या वस्तीत जाईल. फुकटात साठवण करणारी जागा आधीच प्लॉटवर असेल तर ती राखण्यात मला तरी शहाणपणा दिसतो, कायदा काहीही म्हणो.

क्रेडिटचं थोडक्यात सांगते. २००८ च्या नियमानुसार भरपाईसाठी पहिली पसंती मिटिगेशन बँकेला. बँक म्हणजे कोणीतरी आधीच सुधारलेली पाणथळ जमीन, जिचे हिस्से विकले जातात. एकराला एकर असा सरळ हिशेब नसतो. गॅल्व्हस्टन डिस्ट्रिक्टमध्ये जमिनीचं कार्य गुणांनी मोजतात: पाणी किती काळ धरते, गाळ किती अडवते, जीवजंतूंना काय आधार देते. क्रेडिट त्याच पाणलोटाच्या हद्दीतलं, शक्यतो त्याच प्रकारचं लागतं. जंगलाची पाणथळ जमीन बुजवून गवताळ जागेचं क्रेडिट चालवून घ्या म्हटलं तर सहसा ऐकत नाहीत. बँकेकडे त्या प्रकारचं क्रेडिट शिल्लक आहे का, हे आधी फोन करून विचारा. बँकांना क्रेडिट टप्प्याटप्प्याने मोकळं होतं, आणि आज गॅस प्रकल्पांच्या गर्दीत ते संपलेलंही असू शकतं. स्वतःच जमीन तयार करायची ठरवली तर निदान ५ वर्षं देखरेख, झाडांसाठी त्याहून जास्त, शिवाय जमिनीवर कायमचं बंधन आणि आर्थिक हमी.

वेळेचं. नेशनवाइडमध्ये न बसणाऱ्या प्रकल्पाच्या वैयक्तिक परवान्यासाठी कोअरचं स्वतःचं उद्दिष्ट १२० दिवसांचं आहे, आणि मालकाचे ४ महिने बहुतेक तिथूनच आलेत. पण ते घड्याळ अर्ज पूर्ण धरला गेल्यावर सुरू होतं, आणि मोठ्या भरावाच्या फाइलला वर्ष लागणं मला नेहमीचं वाटतं. जाहीर सूचना, १५ ते ३० दिवस हरकती, त्यांना उत्तरं; कलम ४०१ खाली राज्याचं पाण्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र; धोक्यातल्या प्रजातींसाठी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी सल्लामसलत; पुरातत्त्वाची पाहणी आणि आदिवासी राष्ट्रांशी चर्चा. किनाऱ्याजवळच्या दाट गवताळ दलदलीत ईस्टर्न ब्लॅक रेल हा चिमणीएवढा लपून राहणारा पक्षी असतो, २०२० पासून तो संघीय यादीत 'थ्रेटन्ड', म्हणजे धोक्यातली, जात म्हणून आहे. तो तिथे आहे का याची पाहणी ठरावीक हंगामातच होते. हंगाम चुकला की पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. म्हणून अर्जाआधी कोअरबरोबर एक बैठक मागा आणि तिथे कच्चा आराखडाच घेऊन जा, पक्का नको. पक्का आराखडा पाहिला की समोरचा माणूस आवळतो. कच्चा पाहिला की पेन्सिल उचलतो.

परवान्याआधी जमिनीला हात लावू देऊ नका. एका जागेवर भूगर्भ तपासणीच्या कंत्राटदाराने बोअरच्या मशिनला वाट हवी म्हणून बुलडोझरने पाणथळ पट्ट्यात मुळांसकट झाडं ढकलली आणि वर मुरूम टाकला. जेमतेम ८ फूट रुंद वाट. काम थांबवण्याचा आदेश आला, आणि त्या वाटेच्या निस्तरणीत पाच महिने गेले. अशा उल्लंघनाचा दिवाणी दंड दिवसाला ६०,००० डॉलरपेक्षा जास्त होऊ शकतो. पाहणीच्या कामांसाठी ६ क्रमांकाचा नेशनवाइड परवाना आहे, लाकडी मॅट टाकून मशिन नेता येतं. एवढी वाक्यं कंत्राटदाराच्या करारात घाला.

तुमच्याकडून या आठवड्यात मला तीन गोष्टी हव्यात. आखणी करणाऱ्या संस्थेकडून जागेवर हद्दीला लावलेल्या झेंड्यांचं सर्व्हे केलेलं मोजमाप मागा, पीडीएफवरून हाताने उतरवलेली रेष नको. प्रत्येक पाणथळ तुकड्याला नंबर द्या आणि पुढे लिहा: आराखड्यातल्या कोणत्या वस्तूमुळे तो बुजतोय, आणि ती वस्तू खिळलेली की मोकळी. आणि कॅड फाइलमध्ये हा लेयर सगळ्यात खाली ठेवा, गडद रंगात, लॉक करून. पायपिंगवाले "मधे येतो" म्हणून तो बंद करायला सांगतील. बंद करू नका.